हाकारे कुठंत?

आमच्या कॅन्टीनचा टीव्ही एकाच चॅनलवर अडकलेला होता. रिमोट कधीच हरवला होता, टीव्हीची बटणं कुणीतरी पुसताना मोडून ठेवली होती, आणि तो भिंतीवर इतका उंच टांगलेला की त्याच्या नादी कोण लागणार? त्या चॅनलवर दुपारच्या जेवणाच्या वेळेला इंग्रजी पिच्चर हिंदीत बोलायचे. त्यातही कुणाला काय हौस होती देव जाणे, बहुतेक वेळा परग्रहावरून आलेल्या शिकाऱ्याचाच पिच्चर लागायचा. कधी त्याला चार हात असायचे, कधी अंगभर खवल्या मांजरासारखी खवलं, तर कधी कपाळातून निळा उजेड यायचा. आला की तो माणसं मारत सुटायचा आणि आम्ही भाकरी खात बघत बसायचो. त्यानं पहिला माणूस मारला की आमचे साळवेमामा हातातला घास डब्यात ठेवायचे आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. ह्याचे हाकारे कुठंत?"

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस सटकलेला दिसतोय. कंपनीत माझा पहिलाच दिवस होता. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी. मी इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार झालेला एकेक तुकडा हातात घेऊन खोट शोधायची. सकाळीच सुपरवायझरनं झापलं होतं, त्यात बायकांच्या टेबलावर जागा नाही. डबा घेऊन नुसती उभी होते. साळवेमामांनी आपला डबा बाजूला सरकवला. "बसा ताई. आधी जेवून घ्या. घाबरायचं मागून बघू." त्या दिवसापासून ते माझं टेबल झालं.

पूर्ण नाव वामन साळवे. प्रेस शॉपला, म्हणजे जिथं पत्रा दाबून त्याला आकार देतात तिथं, त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. अंगानं किडकिडीत, उंचीनं माझ्यापेक्षा जरा कमीच, पण आवाज असा की विचारू नका. प्रेसच्या दणदणाटात कान थोडे अधू झाले होते, त्यामुळे समोरच्यालाही कमी ऐकू येतं असं धरूनच ते बोलायचे. चहा आला की "चहाऽऽ" अशी त्यांची हाक गेटवरच्या वॉचमनपर्यंत जायची. सकाळी आले की ज्याला त्याला त्याचा नमस्कार. वस्तीतल्या पोरांना जय भीम, फिटर इम्रानला सलाम, मला रामराम ताई. कुणाचा कुणाला द्यायचे नाहीत, कुणाचा चुकवायचेही नाहीत.

इम्रान आमच्याच टेबलावर बसायचा. त्याला पिच्चरचं वेड, आणि परग्रहावरच्या शिकाऱ्याविरुद्ध कुणी एक शब्द काढलेला त्याला खपायचा नाही. "मामू, उसके पास क्या क्या हत्यार है देखो ना. अंधारे में दिखता उसको. दीवार के पार दिखता. उसको हाकारे का क्या काम?"

"आरं, यवढ्या लांबून आला," मामा म्हणायचे, "यानात बसून आला, आन् संगं चार माणसं नायत? रान कोण उठवणार? मेलेलं वाहून कोण नेणार? सगळं एकट्याच्याच डोक्यावर. मला तर बाबा त्याची कीव येती. त्याच्या गावात त्याला कुणी माणसंच दिली नसतील."

त्या शिकाऱ्याला ते 'पाहुणा' म्हणायचे. मशिनचं ग्रीस हाताला घासून धुवायचे, पंच्याला हात पुसत कॅन्टीनमध्ये यायचे आणि विचारायचे, "आज पाहुणा आला का?" पाहुण्यानं हल्ल्याच्या आधी डरकाळी फोडली की हे हसायचे. "बोंबलून शिकार व्हती व्हय? हा सोताच बोंबलतो आन् सोताच मारतो. दोन मान्साचं काम करायलाय बिचारा." शेवटी शेवटी पाहुणा सगळी हत्यारं फेकून द्यायचा आणि हिरोशी हातानं लढायला उभा राहायचा. इम्रानच्या अंगावर तिथं काटा यायचा. मामा मात्र भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत म्हणायचे, "झालं. हा शिकारी नाय, पैलवान हाये. इमानदार दिसतो. ह्याला कशाला भ्यायचं?"

"मामू, तुम कुछ भी बोलते!" इम्रान चिडायचा. टेबल हसायचं. मला ते पिच्चर बघून जांभया यायच्या. पहाटे करमाडला घरी स्वयंपाक करून कंपनीची बस धरायची, दिवसभर उभं राहायचं, मग कोण कुठला चार हातांचा प्राणी माझी काय शिकार करणार होता? माझी आधीच झालेली होती.

हाकारे म्हणजे काय ते मला एकदा गेटवर कळलं. बस आली नव्हती. मामा मुकुंदवाडीला राहायचे, त्यांना बसची गरज नव्हती, पण मी एकटी उभी आहे म्हणून सायकल लिंबाला टेकवून थांबले. वेळ जाईना म्हणून मी म्हटलं, मामा, तुमचे ते हाकारे म्हणजे कोण हो?

"आमचे आबाच की," ते म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे वडील. गाव अजिंठ्याकडं, डोंगराच्या पायथ्याशी. "जुन्या काळी तिथं शिकारीला बडी माणसं यायची. हैदराबादकडची पाहुणे मंडळी, तालुक्याचे साहेब. मग आमच्या वस्तीत सांगावा यायचा. घरटी एक माणूस. नाय म्हणायची सोय नव्हती ताई. हातात पत्र्याचा डबा आन् काठी. डोंगराला वेढा घालून उभं ऱ्हायचं आन् डबं बडवत, बोंबलत पुढं सरकायचं. जनावर घाबरतं आन् पळतं ते सरळ मचाणाखाली. वर साहेब बसलेला. त्यानं काय करायचं? चाप वढायचा. झाली शिकार. फोटुत साहेबाचा पाय जनावरावर. आबा फोटुत नायत."

सायकलच्या घंटीवरून ते उगाच बोट फिरवत राहिले. "आबा म्हणायचे, जनावराला शिकारी दिसतच नाय. त्याला दिसतो हाकारा. मरतं ते आपल्यालाच शिव्या देत मरतं."

मी विचारलं, मग आबांनी कधी जनावर सोडलं नाही का?

"सोडलं एकदा." मामा एकदम हसायला लागले. "दया बिया काय नाय हां ताई, उगा मोठेपणा द्यायचा नाय. बिबट्या वळून समोर आला आन् आबांची बोबडी वळली. डबा हातात तसाच, तोंडातून आवाज फुटंना. वेढ्यात तेवढी एक जागा गप्प झाली, आन् तिथूनच तो अंगाला घासून निघून गेला. साहेब मचाणावर दिवसभर बसून ऱ्हायला. संध्याकाळी आबांना चाबकानं फोडून काढलं. पण आबांना कळलं ना, की येवढंच लागतं. एक जागा गप्प झाली की बास." पुढं वस्तीनं धम्म घेतला, ही गावकीची कामं सोडली, तेव्हा आबांनी तो पत्र्याचा डबा गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकला. मामांना तो कधीच बघायला मिळाला नाही, फक्त पडताना त्याचा आवाज कसा आला ते आबा पुन्हा पुन्हा सांगायचे.

"म्हणून म्हणतो," लांबून बस दिसली तसे ते सायकलकडं वळले, "टीव्हीतला पाहुणा कसला डेंजर? सोता येतो, सोता मारतो, शेवटाला सोता मरतो. त्याला दिसंनासं व्हायला मशिन लागतं. आमच्या साहेबाला चार लाकडांचं मचाण पुरायचं."

मी बसमध्ये चढले, खिडकीला डोकं टेकलं आणि शेंद्र्याच्या आधीच झोपले. अशा गोष्टींवर विचार करायचं त्राण आमच्यात कुठं असतं?

मग कंपनीला वाईट दिवस आले. ऑर्डरी कमी झाल्या, जुनी प्रेस लाइन बंद करणार अशी कुजबुज सुरू झाली. जुनी, परमनंट माणसं साहेबांना नको होती, पण काढायचं तर बोभाटा होणार. इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ती मला मामांच्या तोंडून फार मागून कळली, पण तुम्ही आमच्यासारखं मामांवर उगाच संशय घेऊ नये म्हणून.

साहेबांनी मामांना वर केबिनमध्ये बोलावलं. लोखंडी जिना चढून जायचं, वर काचेची खोली, तिथून सगळी शेड दिसते. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, साळवे, लाइन बंद पडणार हे नक्की. जुन्या लोकांनी आपणहून राजीनामे दिले तर सगळ्यांचंच बरं होईल. नाहीतर पुढं काही मिळेल का नाही, सांगता येत नाही. हे आम्ही सांगितलं तर गोंधळ होतो. तुमचं सगळे ऐकतात. तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही जरा खाली बोला, लोकांना थोडी भीती घाला. तुमची स्वतःची नोकरी रिटायर होईपर्यंत पक्की, आणि वहिनींचा दवाखाना कंपनीच्या विम्यातून चालू राहील.

वहिनींचा, म्हणजे मामांच्या बायकोचा, दवाखाना हीच खरी अडचण होती. त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली. तपासण्या, गोळ्या, सगळं खाजगी दवाखान्यात, कंपनीच्या विम्यावर चाललेलं. मामांच्या डब्यातली भाकरी त्या थापायच्या, थांबून थांबून, दम खात. मामा घरातून निघताना रोज त्यांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवून यायचे.

"जिना चढतानाच मला कळलं होतं ताई," मामा मागून म्हणाले, "की आता डबा हातात देणार."

ते 'विचार करतो साहेब' म्हणाले आणि खाली आले. आणि गप्प झाले. चहाची हाक बंद. पाहुणा आला का, हे विचारणं बंद. टीव्हीवर कुणी कुणाला मारलं तरी हे मान खाली घालून जेवायचे. आमच्या कॅन्टीनला त्या आवाजाची एवढी सवय होती की तो गेल्यावर टीव्ही उगाच मोठा वाटायला लागला. मी विचारलं, "मामा, काय झालं?" तर म्हणाले, "जेवा ताई." दुसऱ्या दिवशी विचारलं तर तेच.

गप्प माणसाबद्दल लोक काय बोलतात ते सांगायला नको. केबिनमध्ये जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं, चहा आत जाताना पाहिला होता. साळवे फुटला. साळवे साहेबाचा माणूस झाला. कुणाची नावं द्यायची ते ठरवतोय. आधी बाकीच्या टेबलांवरची बोलणी ते आले की थांबायला लागली. मग एक दिवस इम्राननं आपला डबा उचलला आणि काही न बोलता पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. मामांनी त्याच्या पाठीकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी मोडायला घेतली. मला इम्रानचा असा राग आला की जाऊन त्याच्या कानाखाली दोन माराव्यात. पण खरं सांगू? माझ्याही मनात आलं होतं, की मामा, तुम्ही नक्की काय कबूल करून आलात? मी तिथंच बसून राहिले. माझा मामांवर जीव होता, आणि उठून दुसरी जागा शोधायचा कंटाळाही होता.

साहेबांनी वाट पाहिली. मामांना पुन्हा वर बोलावलं, पुन्हा सांगितलं. मामा पुन्हा "बघतो" म्हणून खाली आले आणि पुन्हा गप्प. एकाही माणसानं राजीनामा दिला नाही, कारण राजीनामा द्यायचा असतो हेच कुणाला कुणी सांगितलं नव्हतं. महिना संपत आला. वरून साहेबांनाही कुणीतरी दटावत असणार. शेवटी एका दुपारी, आम्ही जेवत असताना, साहेब स्वतः जिना उतरून कॅन्टीनमध्ये आले.

साहेब कॅन्टीनमध्ये कधी येत नसत. सगळे घास हातात धरून बघायला लागले. टीव्हीवर पाहुणा आलेलाच होता, डरकाळ्या फोडत होता. साहेब बोलायला लागले आणि कुणाला काही ऐकू जाईना. "हे बंद करा आधी," ते म्हणाले. पण बंद कसं करणार? रिमोट नाही, बटणं नाहीत. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. तेव्हा साळवेमामा उठले. चपला काढल्या, बाकावर चढले, टाचा उंचावून त्यांनी भिंतीवरचा प्लग ओढला. टीव्ही बंद झाला. मी कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदा तो टीव्ही बंद झालेला पाहिला. मामा खाली उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, "बोला साहेब. आता सगळ्यांना ऐकू येतं."

साहेब बोलले. काय सांगू! इतकी वर्षं ज्यांच्या नुसत्या गाडीचा हॉर्न ऐकला की आम्ही ताठ व्हायचो, ते आमच्यासमोर घाम पुसत उभे होते. हातात एक कागद होता. केस विरळ झालेले, चष्मा घसरायलेला. राजीनामे, स्वेच्छा, सहकार्य, असं काहीबाही बोलत होते. इम्राननं बसल्या जागेवरून विचारलं, "साहब, नहीं दिया तो?" साहेबांनी कागद उलटून बघितला. मग दुसऱ्यानं विचारलं, मागं बांधलेल्या नव्या शेडला जागा आहेत म्हणतात त्या कुणासाठी? मग तिसऱ्यानं विचारलं. मीसुद्धा विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. साहेब "बघू, कळवतो" म्हणत जिना चढून गेले. पुढं बरीच बोलणी झाली, भांडणं झाली, आणि प्रेस लाइनची बहुतेक माणसं नव्या शेडला घेतली गेली. एकाला तेवढं घेतलं नाही. साळवेंच्या कामाची तिकडं जागा नाही, असं सांगण्यात आलं. त्यांचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं असं काही नव्हतं, पण जागा नाही म्हणजे नाही.

आम्ही म्हटलं, मामा, तुमच्यासाठी बसू आम्ही गेटवर. इम्रान तर पेटलाच होता. मामा म्हणाले, "बास झालं. लई दमलो मी. घरी जाऊन तिच्याजवळ बसतो."

शेवटच्या दिवशी इम्राननं शहागंजाकडून नान आणि मटणाचा खलिया आणला, मोठ्या डब्यात, सगळ्या टेबलाला पुरेल एवढा. डबा ठेवला आणि मामांसमोर उभा राहिला. "मामू, माफ करो. मैं गलत समझा." त्याचे डोळे भरून आले होते. मामांनी वर बघितलं. कितीतरी दिवसांनी तो जुना आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला. "कशाची माफी? आधी जेवून घ्या! डबा सरकव इकडं." आम्ही सगळे रडत रडत जेवलो. टीव्हीचा प्लग त्या दिवशीही कुणी लावला नव्हता.

त्यानंतर मी एकदा मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात दोन-चार कुंड्या, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. वहिनी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांचा दवाखाना आता सरकारी झाला होता. मामा सकाळी जाऊन रांगेत उभे राहायचे, नंबर जवळ आला की शेजारचा पोरगा वहिनींना रिक्षानं घेऊन यायचा. तिथं त्यांनी मला केबिनची सगळी गोष्ट सांगितली. मी ऐकून थक्क झाले. म्हटलं, मामा, केवढं धाडस केलंत!

"कसलं धाडस," ते म्हणाले. "रोज ठरवायचो, आज बोलू. हिच्या गोळ्या डोळ्यापुढं यायच्या. तुमच्या सगळ्यांकडं बघायचो, तोंड उघडायचो, आन् मग वाटायचं, हा घास खाऊन घेऊ, मग बोलू. आवाजच फुटंना. आबांवानीच झालं माझं."

मी चिडले. प्रेमानंच, पण चिडले. "मग आम्हाला तरी सांगायचं होतं! आम्ही तुमच्यावर संशय घेतला, तुम्ही एकटे बसलात, इम्रान उठून गेला. एक शब्द बोलला असतात तर?"

"काय सांगायचं? नोकऱ्या जाणारेत म्हणून? ऐकून तुमच्यातले निम्मे घाबरून पळाले असते. हाकाऱ्याचं काम आणखी काय असतं ताई?"

ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. एकट्या माणसानं एवढं गप्प बसू नये. माणूस आतून झिजतो. वहिनी लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मला तरी कुठं सांगितलं ह्यांनी? मला वाटलं, घसा बसलाय. काढे करून देत होते मी." आणि दोघंही हसायला लागले.

मामा थंडीच्या दिवसांत गेले. सगळ्यांना धास्ती वहिनींच्या हृदयाची, आणि बंद पडलं ह्यांचं. दवाखान्याच्या रांगेतून परत येऊन बसले ते बसल्या जागीच. इम्रान आणि मी गेलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं वंदना म्हणत होती, इम्रान रुमाल डोक्याला बांधून मागं उभा होता. वहिनी मला म्हणाल्या, "माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या हो सकाळच्या." एवढंच म्हणाल्या. आता त्यांच्या रांगेत कधी इम्रान उभा राहतो, कधी मी.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. कॅन्टीनमध्ये आता नवा टीव्ही आहे, त्याला रिमोटही आहे, तरी पोरं तेच पिच्चर लावतात. साहेब नवे आहेत. इन्स्पेक्शनला कॅमेरे बसणार म्हणतात, खोट शोधायला बायका लागणार नाहीत. गेल्या आठवड्यात मला वर बोलावलं. लोखंडी जिना, काचेची खोली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "मंगलताई," ते म्हणाले, "बायका तुमचं ऐकतात."

पुढचं वाक्य काय येणार ते मला पाठ होतं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर माझ्या नोकरीवर उभं आहे. साहेबांनी माझ्या नोकरीची हमी दिली तेव्हा एक क्षण, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काचेतून खाली सगळ्या दिसत होत्या, डबे घेऊन कॅन्टीनकडं निघालेल्या. वरून किती लहान दिसतात माणसं. मी चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "साहेब, मला नाही जमायचं. माझा आवाज लहान आहे. तुम्हीच खाली येऊन सांगा."

जिना उतरून टेबलाशी आले तर सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायलेल्या. इम्रान केस पिकवून आता कामगारांचा लीडर झालाय, तोही घास हातात धरून थांबला. टीव्हीवर पाहुणा नुकताच उतरत होता.

"क्या बोले साहब?" इम्राननं विचारलं.

मामा असते तर जेवा म्हणाले असते आणि गप्प झाले असते. मला ते जमलं नाही.

"हाकारे शोधायलेत," मी म्हटलं.

इम्राननं घास डब्यात ठेवला, उठला आणि टीव्ही बंद केला. मामांची केबिनची गोष्ट मी त्याला मागंच सांगितली होती, त्याला कळलं. बाकीच्यांना मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, वर काय झालं ते, आणि मामांचंही. एका पोरीला रडू यायला लागलं.

मी तिचा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "आधी जेवून घे," मी म्हटलं. "घाबरायचं मागून बघू."